खिडकीमागची खोली

मुद्देसूद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगररचना समितीच्या कचेरीत एकतीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून लिहून त्यांची जीभच अशी वळली होती, की दूधवाल्याशी वाद घालतानाही ते 'मुद्दा पहिला' अशी सुरुवात करायचे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने एकदा पँटची उंची चुकवली, तर त्याला त्यांनी सात मुद्द्यांचं पत्र लिहून दिलं, आणि त्या दिवसापासून सगळी गल्ली त्यांना मुद्देसूद म्हणू लागली. त्यांची बायको मात्र त्यांना 'अहो' म्हणायची आणि ते तिला 'अगं'. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं तेवढ्यावर भागलं होतं, यापेक्षा लांब हाकेची कधी गरजच पडली नव्हती.

गेली तीन वर्षं ती घराच्या मागच्या खोलीत होती. न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं, खुबा मोडला, तो डॉक्टरांनी जोडला पण धड जुळला नाही, आणि तेव्हापासून लोखंडी खाट, खाटेशेजारी एक स्टूल आणि समोरची मोठी खिडकी एवढंच तिचं जग होऊन बसलं. पण त्या खिडकीने तिला तारलं होतं हे खरं. खिडकीबाहेर जुन्या छापखान्याची पडकी जागा, तिच्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर बसचा थांबा, त्यामुळे सकाळी साडेसातपासून तिचा दरबार भरायचा. थांब्यावरच्या प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं. छत्री विसरून परत पळणारा तो विसराळू, दोन बस सोडून तिसरीत चढणारी ती चोखंदळ, आणि रोज वर बघून हात हलवणारी एक जाडजूड परिचारिका, ती 'माझी मैत्रीण'. दोघी आयुष्यात एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

काही हवं असलं की ती खाटेच्या दांडीवर चमचा वाजवायची, तीनदा. मुद्देसूद हातातलं काम टाकून जायचे. बहुतेक वेळा काही हवं नसायचंच. "अहो, लवकर या, विसराळू आज छत्री घेऊन आलाय!" एवढंच सांगायला ती बोलवायची, आणि हेही कुरकुरत का होईना, खिडकीशी उभं राहून बघायचे.

छापखान्याच्या कुंपणावर नोटीस लागली ती तिनेच आधी पाहिली. सात मजली हॉटेल, एकशे दहा खोल्या, शेजाऱ्यांनी तीस दिवसांत लेखी हरकती द्याव्यात. गल्लीत लगेच कालवा सुरू झाला. शिंप्याला गाड्यांच्या गर्दीची धास्ती, समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना पाण्याची. मुद्देसूदांची हरकत एकच होती, आणि ती नियमाला धरून होती. ज्या खोलीत माणूस राहतं, तिच्या खिडकीसमोर दहा फूट मोकळी जागा सोडावीच लागते. खोली वापरात नसेल, अडगळीची असेल, तर मात्र तीन फुटांवर भिंत चालते. हॉटेलच्या नकाशात ती भिंत तीन फुटांवर दाखवली होती.

"म्हणजे हात बाहेर काढला की भिंत?" बायकोने विचारलं.

"काढायची वेळ येणार नाही. सरळ चूक आहे त्यांची. पहिल्याच सुनावणीत उडवतो."

"बघा हं. मला भिंतीला नावं ठेवत बसायची वेळ आणू नका."

पहिल्या सुनावणीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दालन ओळखीचं, लांब टेबल ओळखीचं, खुर्च्यांची करकरसुद्धा ओळखीची, फक्त आजवर ते ज्या कोपऱ्यात लिहायला बसायचे तिथे आता दुसरी लेखनिक होती. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, हुशार, शांत मुलगी. तिने 'नमस्कार सर' म्हणून पेन उघडलं. मुद्देसूद उभे राहिले आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं, मुद्दा पहिला, दुसरा, तिसरा. त्या खोलीत माझी पत्नी राहते, तिला चालता येत नाही, ती खिडकी हाच तिचा उजेड आहे. अध्यक्षांनी मान डोलावली. शिंप्याने तर बाहेर आल्यावर पाठ थोपटली.

"मोठाच तीर मारून आलात वाटतं," घरी आल्यावर बायको म्हणाली, पण खूश झाली. त्या दिवशी तिने दोनदा चहा मागितला.

आठ दिवसांनी इतिवृत्ताची प्रत टपालाने आली. मुद्देसूदांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या परिच्छेदाशी थांबले. तिथे लिहिलं होतं, 'सदर खिडकीमागील खोली वापरात नसल्याचे हरकतदाराने स्वतः मान्य केले.'

त्यांना आधी हसू आलं. कारण हे वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. कचेरीत लागल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी एका हरकतदाराने खरोखरच तसं मान्य केलं होतं, आणि त्यांनी ते इतकं नेटकं लिहिलं की अध्यक्षांनी शाबासकी दिली. पुढे त्यांना एक सवय लागली. सुनावणी दुपारी असायची, अध्यक्ष पाचला निघून जायचे, सही त्याआधी हवी, म्हणून ते उद्याचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे. नावांची जागा तेवढी कोरी. उजेडाची हरकत असली की जुन्या फाइलीतून ते वाक्य उचलून ठेवून द्यायचे. एकदा निर्धोक गेलेलं वाक्य पुन्हाही निर्धोकच जातं, हा त्यांचा अनुभव. किती वेळा वापरलं असेल? तीसेक वेळा, चाळीस वेळा. आणि त्यावर कधीही, एकदाही, कोणाची तक्रार आली नव्हती. निवृत्तीच्या भाषणात त्यांनी हे अभिमानाने सांगितलंही होतं.

तर ही मुलगीही तेच करतेय, एवढाच अर्थ त्यांनी लावला आणि तिला खडसवायला ते दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेले.

"मी आधी लिहून ठेवत नाही, सर," ती म्हणाली. ती दुखावलेली दिसली. "तुम्ही बोलत होता तेव्हाच लिहिलंय." तिने कच्ची वही काढून समोर ठेवली. घाईघाईच्या अक्षरात त्यांचे मुद्दे ओळीने होते, पहिला, दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यापुढे तेच वाक्य.

"मी असं बोललोच नाही."

"बोललात, सर. मला वाटलं, सवयीने म्हणताय. पण मी लिहिणारी, माझं काम लिहिण्याचं. तुम्हीच शिकवलंय."

मुद्देसूदांच्या डोक्यात तिडीक गेली. तडक येऊन त्यांनी शिंप्याला गाठलं. शिंपी मशिनीवर वाकलेला होता, त्याने पाय थांबवला पण मान वर केली नाही.

"म्हणालात खरं," तो म्हणाला. "मलाही जरा चमत्कारिक वाटलं. पण म्हटलं, त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला नाक खुपसा."

"अरे, तू मागच्या आठवड्यात वर येऊन तिच्या उशीचा अभ्रा देऊन गेलास ना?"

"हो की. दिला ना." शिंप्याने आठवल्यासारखं केलं. "दिला होता," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन चालू केली.

डॉक्टरीणबाईंनी तर हात वरच केले. म्हणाल्या, मी पाण्याचा विचार करत होते, माझं लक्ष नव्हतं, पण सगळे म्हणतात तर तसंच असेल.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. मात्र जागेची पाहणी व्हावी असा अर्ज केला, कारण एकदा माणसाने डोळ्यांनी पाहिलं की प्रश्न मिटला. पाहणीला एक तरुण निरीक्षक आला, भला होता, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आला. त्याने खोलीची मापं घ्यायला टेप काढली आणि खाटेवरच्या बाईला म्हणाला, "मावशी, एवढं टोक धरता का जरा?" तिने हौसेने धरलं. तो खिडकीपर्यंत टेप ओढत गेला, आकडा पाहिला, "सोडा आता," म्हणाला, तिने सोडलं. मग तिने त्याला बसचा थांबा दाखवला, विसराळूची गोष्ट सांगितली, तोही मोकळेपणी हसला. मुद्देसूदांच्या जिवात जीव आला.

आयुष्यभर टेबलाच्या अलीकडून पलीकडचे कागद वाचल्यामुळे त्यांना उलटं अक्षर सुलट वाचता यायचं. निरीक्षकाने कागदावर लिहिलं, 'खोली रिकामी. वापर नाही.'

"अहो, हे काय लिहिताय? ही बसलीय ना तुमच्यासमोर!"

निरीक्षकाने खाटेकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं, नमस्कारासारखी मानही लववली. "दिसतंय ना, काका," तो समजुतीने म्हणाला आणि 'वापर नाही'खाली एक रेघ ओढली. "मागच्या इतिवृत्तात जे आहे तेच इथे यावं लागतं. बदलायचं तर पुढच्या सभेत, ते कायम करायच्या आत." बूट घालताना त्याने वळून आत बघत हात हलवला.

त्यानंतर लहानलहान गोष्टी होऊ लागल्या, आणि त्या इतक्या लहान की कोणाला सांगायला जावं तर वेड्यात काढतील. रोज जिन्यात 'वहिनी कशा आहेत?' विचारणारा शिंपी विचारायचा थांबला. औषधाच्या दुकानदाराने तिच्या गोळ्यांची चिठ्ठी उलटसुलट करून 'हे कोणासाठी?' असं विचारलं, तीन वर्षं दर महिन्याला त्याच गोळ्या दिल्यानंतर. एके सकाळी साडेआठला चमचा वाजला नाही म्हणून मुद्देसूद स्वतःच आत गेले, तर बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"आज माझ्या मैत्रिणीने वर पाहिलंच नाही," ती म्हणाली. "काल पण नाही. मी एवढा हात हलवला. सरळ माझ्याकडे बघत होती हो, पण पाहिलं नाही."

"घाईत असेल."

"तीन वर्षांत नव्हती ती घाईत?"

त्या संध्याकाळी त्यांनी चहा केला, बाहेरच्या खोलीत बसून प्यायला, कप धुऊन पालथा घातला, आणि आतून चमचा वाजला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी एकच कप केला होता.

"मला वगळलंत वाटतं विषयपत्रिकेतून?" ती हसत म्हणाली. पण मग तिने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "अहो, मला भीती वाटते. तुम्ही तरी विसरू नका हं."

त्यांना एकदम एक बाई आठवली, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची. बाजाराच्या इमारतीविरुद्ध हरकत घेऊन आली होती, म्हणत होती, त्या खिडकीशी माझे वडील बसतात. जाड भिंगाचा चष्मा होता तिचा. पहिल्या सुनावणीला तिने आकाशपाताळ एक केलं, दुसऱ्या सुनावणीला मात्र शांत बसून राहिली आणि सगळ्यांबरोबर 'मंजूर' म्हणाली. बाई समजूतदार निघाली, असं तेव्हा मुद्देसूदांना वाटलं होतं. पुढे एकदा त्या रस्त्याने जाताना त्यांना ती खिडकी दिसली होती, विटांनी बुजवलेली. तिच्या वडिलांचं काय झालं, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या सुनावणीच्या दिवशी बायकोने त्यांना कागद घ्यायला लावला. "मुद्दे बिद्दे नकोत. एकच ओळ लिहा. माझी बायको तिथे राहते." त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिली, चौघडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि दाराबाहेर पडल्यावर दोनदा चाचपून पाहिली.

अध्यक्षांनी पहिला विषय पुकारला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लेखनिक मुलीने सपाट आवाजात वाचलं. चौथा परिच्छेद संपायच्या आत मुद्देसूद उभे राहिले. कागद त्यांनी काढलाच नाही, त्याची गरजच नव्हती.

"हे खोटं आहे! माझी बायको राहते त्या खोलीत! तीन वर्षं राहतेय!"

कोणी हसलं नाही, कोणी चिडलं नाही. अध्यक्ष पुढे झुकले, सभ्य गृहस्थ होते. "बरं. मग आपण दुरुस्ती करून घेऊ. त्यात अवघड काही नाही." त्यांनी लेखनिकेकडे पाहिलं. तिने पेन टेकवलं. "नोंदीसाठी त्यांचं पूर्ण नाव सांगा."

मुद्देसूदांनी तोंड उघडलं.

तिचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. कानाजवळचा तीळ होता, खाटेच्या दांडीवरची पातळ बोटं होती, हसताना एक डोळा बारीक व्हायचा तो होता. नाव नव्हतं. 'अगं' होतं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढी साधी गोष्ट, जिभेवर तर आहे, आत्ता येईल. रेशनकार्डावर असतं, दवाखान्याच्या केसपेपरवर असतं. त्यांना ते कागदही डोळ्यांपुढे दिसले, फक्त नावाची जागा कोरी दिसत होती, ते स्वतः आदल्या दिवशी ठेवायचे तशी. त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याचे ओठ 'वहिनी' असे हलले आणि तो ओशाळून खाली बघू लागला.

"सर?" लेखनिक मुलगी हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, नाव सांगा ना. मी लिहिते."

अध्यक्षांनी थांबायचं तेवढं थांबून घेतलं, मग घसा साफ केला. "दुरुस्ती नाही असं समजायचं का?"

"मंजूर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंजूर," शिंपी म्हणाला.

इतिवृत्त कायम करण्यासाठी हरकतदारांसकट सगळ्यांनी हात वर करायची पद्धत होती. सगळ्यांचे हात वर गेले. मुद्देसूदांनी पाहिलं, त्यांचाही गेला होता, एकतीस वर्षांच्या सवयीने, कोपरात न वाकता, सरळ.

ते घरी पळतच आले. या वयात कोणी जिना तसा चढत नाही. धाप लागून ते खोलीच्या दारात उभे राहिले. ती खाटेवरच होती, खिडकीतल्या उन्हात, त्यांची वाट बघत.

"काय झालं हो?"

आता विचारायचं, एवढंच काम होतं. पण कसं विचारायचं? जिने हाडं मोडेपर्यंत आपल्या घरात आयुष्य राबून काढलं, तिला समोर उभं राहून विचारायचं, की बाई, तुझं नाव काय? तिने काय म्हटलं असतं? तिची काय दशा झाली असती? मुद्देसूदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद शोधू, कुठेतरी लिहिलेलं असेल, त्यांनी मनाशी ठरवलं. दोन दिवस त्यांनी कपाट धुंडाळलं, ट्रंका उपसल्या. जिथे तिथे त्यांचंच नाव होतं आणि त्यापुढे 'यांची पत्नी'.

"काय शोधताय एवढं?" आतून ती विचारायची.

"काही नाही गं."

उद्या विचारू, असं ते रोज म्हणत राहिले. मग पायाभरणीची यंत्रं आली. धूळ येऊ लागली म्हणून त्यांनी आधी खिडकी लावून घेतली, मग धूळ घरभर होते म्हणून खोलीचं दार ओढून घेतलं. भिंत विटेविटेने वर चढत होती. ती खिडकीच्या वर गेली त्या आठवड्यात खोलीच्या दाराखालून येणारी उजेडाची पट्टी आधी पिवळट झाली, मग राखाडी, आणि मग दिसेनाशी झाली. त्या खोलीत आपण शेवटचे कधी गेलो, हे पुढे कधीतरी त्यांनी आठवून पाहिलं. नीटसं आठवलं नाही.

हॉटेल सुरू होऊन तीन महिने झाले तेव्हा समितीच्या कचेरीत मुद्देसूदांचं एक टपाल आलं. लेखनिक मुलीने अक्षर ओळखलं. तेच वळण, तीच रेघ, बाजूला तोच दोन बोटांचा समास. तिने पत्र उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

'विषय : शेजारील हॉटेलमधून होणाऱ्या आवाजाबाबत.

मुद्दा पहिला. मी या घरात एकटा राहतो. माझ्या घराची मागील खोली वापरात नाही.

मुद्दा दुसरा. सदर खोलीच्या बाजूने, म्हणजे हॉटेलच्या भिंतीतून, सकाळी साडेसातपासून लोखंडावर चमचा वाजवल्याचा आवाज येतो. तीनदा वाजतो, थांबतो, पुन्हा तीनदा वाजतो. अलीकडे तो क्षीण झाला आहे, तथापि थांबलेला नाही.

मुद्दा तिसरा. हॉटेलच्या व्यवस्थापकांना विचारले असता त्या बाजूस खोल्या नसल्याचे त्यांनी सांगितले. ते मला पटत नाही. तिथे कोणी बाई उतरलेली आहे. तिला काही हवे असावे, आणि तिच्याकडे कोणी जात नसावे. तरी समितीने कोणास तरी पाठवावे, ही विनंती.

मुद्दा चौथा. तिचा माझा परिचय नाही. तरीही ती मला अहो अशी हाक मारते.'